क्वाबिनची चारही गावं पूर्ण पाण्याखाली नाहीत

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या ओसाड गावांवरच्या एका लेखात डेना, एनफिल्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चारही गावं क्वाबिन जलाशयात अख्खी बुडाली आणि पाणी आटलं की चर्चचे मनोरे दिसतात, असं म्हटलंय. मनोरे दिसणं शक्यच नाही. बॉस्टनला प्यायचं पाणी स्वच्छ मिळावं म्हणून तळ भरण्याआधीच इमारती पाडल्या किंवा हलवल्या, झाडं तोडून जाळली आणि सुमारे साडेसात हजार कबरी उकरून दुसरीकडे नेल्या. 28 एप्रिल 1938 ला गावं कागदोपत्री संपली, पण जलाशय पूर्ण भरायला 1946 उजाडलं.

डेनाचा मधला चौक आजही कोरडा आहे. पीटरशॅममध्ये 32ए रस्त्यावरच्या गेट 40 पाशी गाडी लावा, तिथून जुन्या रस्त्याने साधारण तीन किलोमीटर चालत जायचं. कुत्रा नेता येत नाही, पाण्यात उतरायलाही बंदी आहे. प्रेस्कॉटचाही बराच भाग पाण्याबाहेर आहे, पण तो लोकांसाठी बंद असतो.

उन्हाळ्यात जाऊ नका, झाडीत काही दिसत नाही. पानगळीनंतर, बर्फ पडण्याआधी जा. दगडी गडगा दिसला की त्याच्या कडेने चाला. रानात मध्येच लायलॅकचं (घरापाशी लावायच्या फुलझाडाचं) झुडूप किंवा रांगेत म्हातारे मेपल दिसले, की जवळपास पाडलेल्या घराचं तळघर बहुधा असतंच. खड्डा पानांनी भरलेला असतो, म्हणून आधी काठीने चाचपा. कडेचे दगड बिनचुन्याचे रचलेले असतात, त्यावर उभं राहू नका, ते सुटतात. पँट मोज्यात खोचा आणि परतल्यावर गोचिडी तपासा, त्यांच्या चाव्याने होणारा लाइम रोग तिथे सर्रास होतो.