‘भेदून’ या शब्दाबद्दल, एकदाच

लेझर डीव्हीडी कशी वाचतो यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो होतो, पण रागात लिहिलेलं नंतर खोडावं लागतं म्हणून उठलो. आता सकाळ झाली आहे. राग फारसा उतरलेला नाही.

आधी चूक कबूल. दोन थरांच्या डीव्हीडीची क्षमता मी 4.7 ची सरळ दुप्पट करून 9.4 जीबी लिहिली, ती 8.5 हवी. दोन थर असले की माहिती साठवणारा सर्वांत आखूड खड्डा 0.40 ऐवजी 0.44 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठेवतात, त्यामुळे प्रत्येक थरावर थोडं कमी मावतं. आकडा दुरुस्त केलाय, आभार. (‘शाळकरी चूक’ असं न म्हणता सांगितलं असतंत तरी केलाच असता.)

आता तुमचं ते वाक्य: “लेझर अलीकडचा थर भेदून पलीकडचा वाचतो हे हास्यास्पद आहे, अलीकडच्या थरावरून प्रकाश परत येऊन सगळी सरमिसळ होईल, लेखकाने आधी अभ्यास करावा.”

अभ्यास. बरं. अकरा वर्षं मी दुरुस्तीच्या टेबलावर ड्राइव्ह उघडून बसत होतो. झाकण काढून डिस्क लावली की भिंग आधी वर-खाली होतं, फोकस शोधतं. तो फोकसचा सिग्नल ऑसिलोस्कोपवर, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर, घेतला की, पृष्ठभागाची बारीकशी उसळी सोडली तर, एका थराच्या डिस्कला इंग्रजी ‘एस’सारखं एक वळण उमटतं. दोन थरांच्या डिस्कला दोन, एकापाठोपाठ एक. म्हणजे भिंगाला दोन्ही थर वेगवेगळे सापडतात. तुम्ही ते कधी पाहिलंय का, हे विचारणं उद्धटपणाचं होईल, म्हणून विचारत नाही.

प्रकाश परत येत नाही असं मी म्हटलंय कुठे? अलीकडचा थर अर्धपारदर्शकच असतो. थोडा प्रकाश परतवतो, बाकीचा पुढे सोडतो. पण परतणारा प्रकाश कोणत्या अवस्थेत असतो ते बघा. दोन थरांत साधारण 55 मायक्रॉनचं अंतर. पलीकडच्या थरावर किरण टोकाला आलेला असतो, तेव्हा अलीकडच्या थरावर त्याचा ठिपका चाळीसेक मायक्रॉन पसरलेला असतो. ट्रॅकमधलं, म्हणजे खड्ड्यांच्या शेजारशेजारच्या रांगांमधलं, अंतर 0.74 मायक्रॉन. म्हणजे पन्नासच्या वर ट्रॅक एकदम उजळतात, त्यांच्यातल्या शेकडो खड्ड्यांची सरासरी होते आणि हाती येतो तो नुसता सपाट उजेड. झरझर बदलतो तो फक्त पलीकडच्या थराचा सिग्नल, आणि ड्राइव्हला तेवढाच हवा असतो. जाळीला नाक लावून बाहेर बघा, जाळी दिसेनाशी होते.

राहिला ‘भेदून’. त्यावरून तुम्ही चार ओळी थट्टा केलीत. भेदक नजर समोरच्याच्या कपाळाला भोक पाडत नाही, हे मराठी वाचणाऱ्याला समजावून सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

खड्डा म्हणजे शून्य नव्हे, खड्ड्याची कड म्हणजे एक, हेही तुम्ही ऐकवलंत. माहीत आहे. सोपं करून सांगताना ते गाळलं होतं, एवढंच. तुम्ही काढलेल्या ब्ल्यू-रे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या मुद्द्यांवर वाद घालायला मला वेळ नाही.

लेखात 8.5 झालंय. ‘भेदून’ आहे तिथेच आहे.