कास 'युनेस्कोच्या ताब्यात' नाही

'कास पठार युनेस्कोनं ताब्यात घेतलंय, आता डबा उघडला तरी दंड भरावा लागेल' असा मेसेज साताऱ्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्याकडेच तो चार ठिकाणांहून आला, म्हणून हा खुलासा.

२०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यात कास आहे. पण यादीत नाव आलं म्हणून जमीन कुणाच्या ताब्यात जात नाही. युनेस्को कुणाची पावती फाडत नाही. पठार राखीव वनात मोडतं, वन खात्याकडेच आहे. फुलांच्या हंगामात घेतलं जाणारं शुल्क स्थानिक गावांच्या वन समित्यांकडे जातं.

पठारावर चूल पेटवायची नाही हा नियम मात्र खरा, आणि तो वारसा यादीच्या कितीतरी आधीचा: भारतीय वन अधिनियम, १९२७, कलम २६. राखीव वनात जाळ करणं गुन्हा आहे, फुलं तोडून नेणंही. हंगाम असो वा नसो. म्हणजे 'ऑक्टोबरनंतर चालतंय की' असं कुणी म्हणालं तर तेही खोटंच.

आणि जांभ्या दगडावर माती जेमतेम बोटभर. सतरंजी अंथरली की तिच्याखाली 'सीतेची आसवं' ही इवली फुलं चिरडलीच म्हणून समजा. डबा खाली उतरून खा.