गाणं तुटतंय म्हणून प्लॅन वाढवू नका

कोल्हापुरातल्या सोसायट्यांच्या आणि पेठांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. वायफायवर गाणी ऐकताना आवाज तुटत असेल तर काय करायचं, ते त्यात सांगितलंय: इंटरनेटचा प्लॅन निदान २०० एमबीपीएसचा घ्या, सगळं वायफायच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालवा, तरी नाही जमलं तर बूस्टर बसवा आणि रोज रात्री राउटर बंद करून चालू करा. शेवटची ओळ अशी, की पावसाळ्यात असं होणारच. हे वाचून लोक पैसे घालतायत आणि गाणं तसंच तुटतंय, म्हणून हे उत्तर.

सगळ्यात मोठी चूक प्लॅनच्या मुद्द्यात आहे. सीडीच्या दर्जाच्या आवाजाचं गणित कुणालाही करता येतं: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार येतो सेकंदाला सुमारे १४ लाख बिट, म्हणजे १.४ एमबीपीएस. उत्तम एमपीथ्री ०.३२ एमबीपीएसमध्ये भागते. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची फाइल अजिबात न दाबता पाठवली तरी ९.२ एमबीपीएस पुरतात. म्हणजे ३० एमबीपीएसचा साधा प्लॅनही गाण्याला भरपूर झाला.

आणि गाणी तुमच्याच हार्डडिस्कवर असतील तर प्लॅनचा संबंधच येत नाही. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायक होते; त्या गावात जुन्या बैठकांची टेपवरून उतरवलेली रेकॉर्डिंग जिवापाड जपणारे रसिक आहेत. ती फाइल डिस्कवरून राउटरकडे आणि राउटरकडून स्पीकरकडे जाते. घराबाहेर पडतच नाही. इंटरनेटची वायर काढून ठेवली तरी ती वाजायला हवी. अशा माणसाला मोठा प्लॅन घ्यायला लावणं मला सरळ अन्याय वाटतो, कारण विलंबितात समेवर यायच्या क्षणी आवाज गेला तर त्याचं काय जातं ते मला कळतं.

मग तुटतं कुठं? ते शोधायला पैसे लागत नाहीत. जिथं स्पीकर आहे तिथं लॅपटॉप घेऊन बसा आणि राउटरच्या पत्त्याला, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, सतत पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारणारी छोटी हाक, चालू ठेवा. उत्तर काही मिलिसेकंदांत येत राहिलं पाहिजे. मध्येच आकडा शेकड्यांत गेला किंवा उत्तरच आलं नाही, तर दोष घरातल्या हवेत, म्हणजे वायफायच्या लहरींत आहे. राउटरचं उत्तर नीट येतंय, पण बाहेरच्या ८.८.८.८ ला (हा गूगलचा सर्व्हर) पिंग अडखळतंय, तरच इंटरनेटवाल्याला फोन करा. गाण्याला वेगापेक्षा सातत्य लागतं. स्पीकरमध्ये काही सेकंदांचाच साठा असतो. हवेत त्याहून लांब खंड पडला की शांतता.

असा खंड पाडणाऱ्या कारणांत एक असं आहे जे फारसं कुणाला माहीत नसतं. राउटरच्या मागं यूएसबी ३ ची हार्डडिस्क खोचलेली असेल तर त्या जोडणीतून निघणारा गोंगाट नेमका वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. इंटेलनं २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं. चांगली शील्ड असलेली केबल घ्या, डिस्क अँटेनापासून मीटरभर लांब सरकवा, किंवा राउटरच्या सेटिंगमध्ये तो पोर्ट यूएसबी २ वर आणता येत असेल तर आणा. मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात असतात. स्वयंपाकघरात काही गरम करायला ठेवलं की गाणं जातं, असं दिसलं तर कारण सापडलं.

५ गिगाहर्ट्झचा सल्ला अर्धा बरोबर आहे. त्या पट्ट्यात गर्दी कमी असते, म्हणून राउटर आणि स्पीकर एकाच खोलीत असतील तर जरूर वापरा. पण शिवाजी पेठेतल्या जुन्या घराच्या जाड दगडी भिंतीपलीकडे तो लवकर दम तोडतो. तिथं २.४ च बरा, मात्र राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेलची (पट्ट्यातल्या वाटेची) रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवून आणि चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांची गर्दी जिथं कमी तो घेऊन. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. फायबरवाला सोयीसाठी राउटर टीव्हीच्या मागं किंवा लोखंडी कपाटावर ठेवून जातो. तो तिथून हलवला तरी बराच फरक पडतो.

बूस्टरचं दुखणं असं, की साधा एका रेडिओचा बूस्टर तीच गोष्ट त्याच चॅनेलवर आधी ऐकतो, मग पुन्हा बोलतो. हवेतला वेळ दुप्पट जातो. आणि लोक तो लावतात कुठं, तर जिथं सिग्नल आधीच मेलाय तिथं. घ्यायचाच तर राउटर आणि स्पीकरच्या मधोमध लावा. माझं स्पष्ट मत, स्पीकरला केबलची सोय असेल तर कॅट ६ ची केबल केसिंग पट्टीतून ओढून घ्या. १०० मीटरपर्यंत ती बिनबोभाट चालते आणि हा सगळा प्रश्नच मिटतो.

पावसाचं म्हणाल, तर बाहेर कितीही कोसळत असला तरी घरातल्या दहा-पंधरा फुटांवर त्याचा काही परिणाम होत नाही. खांबावरच्या जोडात पाणी शिरून इंटरनेट जातं, वीज झपकन जाऊन येते आणि राउटर पुन्हा सुरू होईपर्यंत सगळं थांबतं, हे खरं. विजेसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या अॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर तेवढे बघा.

रोज रात्री राउटर बंद-चालू केल्यावर थोडा वेळ बरं वाटतं, कारण चॅनेल ‘ऑटो’वर असेल तर राउटर सुरू होताना मोकळा चॅनेल शोधतो. शेजारी वाढले की पुन्हा तेच. त्यापेक्षा चॅनेल हातानं पक्का करा. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ मधलाच घ्या. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारही वापरतात, म्हणून तिथं रडारची चाहूल लागल्यासारखं वाटलं तरी राउटर चॅनेल सोडतो, आणि त्याच भागातल्या दुसऱ्या चॅनेलवर बोलण्याआधी त्याला निदान मिनिटभर नुसतं ऐकत थांबावं लागतं.