उरलेल्या गोळ्या संडासात ओता म्हणणारा तो मेसेज : एकेक मुद्दा बघू

गेले पंधरा दिवस गल्लीच्या, शाळेच्या बॅचच्या आणि भजनी मंडळाच्या अशा तिन्ही ग्रुपवर एकच मेसेज फिरायलाय. एक्स्पायरी डेट म्हणजे कंपन्यांचं नाटक, उरलेल्या अँटिबायोटिक जपून ठेवा अडीनडीला होतात, नकोच असतील तर कुटून संडासात ओता नाहीतर न्हाणीच्या चुलीत घाला, सगळ्यात सेफ. शेजारच्या काकूंनी तो वाचून पातळ औषधाच्या चार बाटल्या संडासात रिकाम्या केल्या, म्हणून लिहायला बसलो.

एक्स्पायरीचं म्हणाल तर त्यात अर्धी गोष्ट बरोबर आहे. गोळी तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी विष होत नाही, खरं त्या तारखेचा अर्थ एवढाच की पाकिटावर लिहिलंय तसं ठेवलं तर तिथपर्यंत औषधाचा पूर्ण गुण राहील याची कंपनी हमी देते. आता आपण ठेवतो कुठं? फ्रिजवर, टीव्हीच्या मागं, नाहीतर खिडकीत ऊन येतं तिथं. इन्सुलिन, जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी, यांचा गुण कमी झाला तर माणूस ऐन वेळेला अडकतो. आणि पोरांचं पाणी घालून हलवायचं अँटिबायोटिक सिरप तर बरेचदा फ्रिजमध्ये ठेवूनही सातच दिवस चालतं, मग बाटलीवर पुढच्या वर्षाची तारीख का असेना.

अँटिबायोटिक जपून ठेवा हे वाचून मला खरंच राग आला. माझ्या मामांनी मागच्या पावसाळ्यात ताप आला म्हणून कुणाच्या तरी घरातल्या उरलेल्या चार गोळ्या खाल्ल्या, दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी परत थंडी भरली, शेवटी रक्त तपासल्यावर डेंग्यू निघाला. डेंग्यू व्हायरसचा, त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही की! तीन दिवस फुकट गेले आणि अंगातल्या जंतूंना त्या औषधाची ओळख झाली, म्हणजे पुढं ते त्यांच्यावर चालेनासं होऊ शकतं, ती वेगळीच.

आता संडास. गावात कितीतरी घरांना सेप्टिक टँक, पुढं शोषखड्डा, आणि थोड्या अंतरावर आड. टँकमधली घाण कुजवायचं काम जंतूच करतात, त्यातच अँटिबायोटिक ओतायचं? शहरात गटाराचं पाणी शुद्ध करतात म्हणाल, खरं ते प्लँट घाण काढायला बांधलेत, औषध काढायला नव्हे. उरलेलं औषध आपल्या मार्कंडेय, घटप्रभा या नद्यांतून कृष्णेला जातं. पाण्यातलं बरंचसं औषध आपल्या लघवीवाटेच जातं हे मला मान्य आहे, ते थांबवता येत नाही, बाटली ओतणं मात्र थांबवता येतं. थोड्याशा औषधानं काय होतंय असं वाटत असेल तर गिधाडं आठवा, जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या ढोरांतून त्यांच्या पोटात गेलं आणि देशातली बहुतेक गिधाडं संपली, २००६ मध्ये सरकारला जनावरांसाठी ते बंद करावं लागलं.

अपवाद आहे बरं का. सीडीएससीओनं, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेनं, २०२५ मध्ये १७ औषधांची यादी दिलीय, मॉर्फिन, फेंटॅनिल, ट्रॅमाडॉल, डायझेपाम असली, ती उरली तर फ्लश करा म्हणून, कारण पोराच्या हाताला लागली तर जीव जाऊ शकतो. मेसेजवाल्यानं बहुतेक हीच बातमी अर्धी वाचून सगळ्या औषधांना लावली.

चुलीचं थोडक्यात सांगतो. गोळ्यांचं पाकीट बहुतेक पीव्हीसी प्लास्टिकचं असतं, त्याचा धूर न्हाणीत कोंडतो आणि तुमच्याच छातीत जातो. दम्याचा पंप तर आगीत फुटतो.

मग करायचं काय? २०१६ च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरली होती, ओल्या-सुक्यात नव्हे. केरळात कोझिकोडला २०२५ मध्ये घरोघरची औषधं गोळा करायची एनप्राउड योजना सुरू झाली, तसं आपल्याकडंही व्हायला पाहिजे, नगरसेवकाला आणि पंचायतीत विचारत राहा. तोवर मी आईचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा परवा उपडा केला, बाबांच्या २०१९ मधल्या बीपीच्या गोळ्यासुद्धा निघाल्या. गोळ्या न कुटता पाकिटातून काढल्या, चहाचा चोथा आणि राखेत मिसळल्या, पिशवी चिकटपट्टीनं बंद केली, वर मोठ्या अक्षरात 'जुनी औषधं' लिहिलं आणि कचरागाडीवरच्या पौरकार्मिक, म्हणजे सफाई कामगार, अक्कांच्या हातात वेगळी दिली. सुया असतील तर जाड झाकणाच्या डब्यात घाला, त्या अक्का कचरा हातानंच निवडतात.