डांबराखालचे रूळ नेमकी कशाची साक्ष देतात?

अमेरिकेतील एखाद्या शहरात रस्ता उकरताना ट्रामचे जुने रूळ उघडे पडले, की त्या छायाचित्राखाली एकच दावा फिरू लागतो: जनरल मोटर्सने देशभरातल्या ट्रामकंपन्या विकत घेऊन बंद पाडल्या, रूळ घाईने गाडले, आणि ते शाबूत असल्याने डांबर खरवडले की ट्राम पुन्हा धावेल.

यात तथ्याचा अंश आहे. शहरांतल्या ट्रामकंपन्या विकत घेऊन तिथे बस चालवणाऱ्या, १९३६ साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल सिटी लाइन्स’ या कंपनीमध्ये जनरल मोटर्स, फायरस्टोन आणि तेलकंपन्यांचा पैसा होता, आणि १९४९ मध्ये न्यायालयाने या गुंतवणूकदार कंपन्यांना दोषीही ठरवले. मात्र तो दोष ‘नॅशनल सिटी लाइन्स’ला बसगाड्या व इतर सामान विकण्याची मक्तेदारी मिळवण्याच्या कटाचा होता. वाहतूक व्यवसायच बळकावण्याच्या आरोपातून त्या सुटल्या. जनरल मोटर्सला झालेला ५,००० डॉलरचा दंड मला अगदीच तोकडा वाटतो, पण म्हणून न सिद्ध झालेला आरोप सिद्ध ठरत नाही.

‘देशभरातल्या’ हा शब्द तर टिकतच नाही. राजधानी वॉशिंग्टनची ट्राम ‘नॅशनल सिटी लाइन्स’कडे कधीच नव्हती; १९५६ च्या वाहतूक परवान्यात ट्रामऐवजी बस आणण्याची अट खुद्द अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) घातली आणि जानेवारी १९६२ मध्ये शेवटची ट्राम धावली. इतरत्र पाच सेंटांवर बांधलेले भाडे पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईत परवडेनासे झाले होते, शिवाय रुळांमधल्या रस्त्याची डागडुजीही अनेक ठिकाणी कंपनीच्याच माथी होती.

रूळ गाडले गेले, ते खर्च वाचवण्यासाठी. ते काढायचे तर फरसबंदी आणि काँक्रीट फोडावे लागे. त्यापेक्षा वरून डांबर ओतणे स्वस्त पडे. पोलाद आणि डांबर यांची लवचीकता वेगळी असल्याने रुळांच्या कडेने समांतर भेगा पडतात, पाणी मुरते, थर सुटतो आणि रूळ वर दिसू लागतात.

ते ‘शाबूत’ असणे बहुधा वरवरचे असते, कारण खालचे लाकडी स्लीपर कुजलेले असतात आणि पाण्याच्या व सांडपाण्याच्या वाहिन्यांसाठी मार्ग जागोजागी तोडलेला असतो. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागात ओ आणि पी रस्त्यांवर दगडी फरशीत दोन रुळांच्या मधोमध एक अरुंद खाच दिसते. शहराच्या मध्यभागात वरच्या तारांना बंदी असल्याने ट्राम या खाचेतून जमिनीखालची वीज घेत असे. ती भूमिगत व्यवस्था आज मृत आहे. या शतकात ते रस्ते दुरुस्त करताना रूळ आणि दगड उचलून पुन्हा बसवले गेले, तेही केवळ वारसा म्हणून.