नुसत्या सावलीवर बंचबेरी जगत नाही

उत्तर अमेरिकेत बाग करणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर हातोहात पुढे जातोय. त्याचा सारांश असा: "झाडाखाली गवत येत नसेल तर बंचबेरी लावा. सावली असली की झालं. एका मोसमात हिरवा गालिचा तयार. माती आम्लधर्मी राहावी म्हणून कॉफीचा चोथा टाका, फळं धरत नसतील तर बोनमील (हाडांची पूड) द्या. आणि रोपं विकत कशाला घ्यायची? जंगलातून उपटून आणा." सोबत पांढऱ्या फुलांनी झाकलेल्या जमिनीचा सुंदर फोटो. फोटो खरा असेलही, पण मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य रोपं मारणारं आहे.

आधी "सावली असली की झालं" हे घेऊ, कारण बाकीची बरीच गडबड इथूनच सुरू होते. बंचबेरी, म्हणजे कॉर्नस कॅनाडेन्सिस, ही डॉगवुडच्या कुळातली जेमतेम १० ते २० सेंमी उंचीची वनस्पती. अलास्कापासून ग्रीनलंडपर्यंत आणि पलीकडे जपान, कोरिया, रशियाच्या अतिपूर्वेपर्यंत ती रानात आढळते. दक्षिणेकडे न्यू मेक्सिकोपर्यंत उतरते, पण तिथे फक्त उंच डोंगरांवर. यातच सगळं आलं. तिला गार जमीन लागते. मातीचं तापमान १८ अंश सेल्सिअसच्या वर रेंगाळायला लागलं की तिची तब्येत ढासळते. अगदी उत्तरेला ती उघड्यावरही मजेत वाढते, कारण तिथली जमीनच थंड. उलट उन्हाळे कडक असलेल्या भागात दाट सावलीतही पानांच्या कडा करपतात आणि दोन-तीन उन्हाळ्यांत सगळं संपतं. म्हणून सावली मोजण्याआधी माती मोजा: जुलैतल्या दुपारी मातीचा थर्मामीटर बोटभर खोल खुपसा आणि आकडा बघा.

शिवाय सावली-सावलीतही फरक असतो. नॉर्वे मेपलखाली गवत येत नाही ते केवळ ऊन नाही म्हणून नव्हे. त्याची उथळ मुळं वरच्या थरातलं पाणी ओढून घेतात. जिथे गवत तहानेनं मरतं तिथे बंचबेरी काय करणार? घराच्या उत्तर भिंतीलगतची जागाही फसवी असते. वळचणीखाली पाऊस पोचत नाही आणि पायाच्या काँक्रीटमधून झिरपणाऱ्या चुन्यामुळे मातीचा सामू (पीएच) वर चढतो, म्हणजे तिचा आम्लपणा कमी होतो. बंचबेरीला ४.५ ते ६ च्या आसपासचा सामू मानवतो. रानात ती स्प्रूस, फर, बर्चच्या खाली, बऱ्याचदा कुजत आलेल्या ओंडक्यांवर, शेवाळात रुजलेली दिसते. बागेतही कुजका पालापाचोळा, पाइनच्या सुयांचं आच्छादन आणि जमलं तर एखादा जुना सडका ओंडका अर्धवट पुरून ठेवलात तर तिला घरच्यासारखं वाटेल.

कॉफीचा चोथा? आम्ल बरंचसं पेयात उतरलेलं असतं, उरलेला चोथा अनेकदा उदासीनच्या जवळ असतो. जाड थर दिलात तर तो वाळून कडक होतो आणि पाणी वरच्या वर वाहून जातं. माती खरोखर आम्लधर्मी करायची तर आधी तपासून घ्या, मग गंधकाची भुकटी. तिचं काम मातीतले जिवाणू करतात, त्यामुळे महिनोन्‌महिने लागतात. व्हिनेगरचा उपाय सांगणारेही भेटतात, त्यांना नमस्कार करून पुढे जावं.

"एका मोसमात गालिचा" हे तर सरळ थापच. पहिल्या वर्षी जे काही चालतं ते जमिनीखाली, आडव्या पसरणाऱ्या खोडात. वर तुम्हाला चार पानं दिसतात आणि फसल्यासारखं वाटतं. तीन-चार वर्षं धरून चाला. बियांपासून सुरुवात केलीत तर आणखी थांबा: गर काढून टाकलेल्या बिया ओल्या थंडीत महिनोन्‌महिने काढतात आणि कधी कधी दुसऱ्या वसंतातच वर येतात. एक खूण मात्र उपयोगी आहे. चार पानांचा कोंब सहसा फुलत नाही, फुलणाऱ्या कोंबाला सहा पानं असतात. त्यामुळे यंदा किती फुलं येणार याचा अंदाज आधीच येतो.

आता फळांचं. ज्यांना आपण चार पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्याच नव्हेत, ती छदं, म्हणजे रूप बदललेली पानं. खरी फुलं मधोमध, टाचणीच्या डोक्याएवढी, आणि त्यांचा कारभार अचाट आहे. कळीत केसर ताणून वाकवलेले असतात. मधमाशीसारख्या जरा वजनदार कीटकाचा धक्का लागला की या इवल्या फुलांच्या पाकळ्या फटकन मागे जातात आणि परागकण उडतात. २००५ साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात हे उघडणं अर्ध्या मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळात होतं असं मोजलं गेलं. पराग सुमारे अडीच सेंमी वर फेकला जातो, फुलाच्या उंचीच्या दसपट. मुंगीच्या वजनाला ते दाद देत नाही.

पण एवढी आतषबाजी होऊनही अनेकदा फळ धरत नाही, कारण बंचबेरी स्वतःच्याच परागाने फळत नाही. एका रोपापासून पसरलेला अख्खा वाफा म्हणजे एकच झाड. दुसरीकडून आलेलं, वेगळ्या वंशाचं रोप शेजारी लावा, लाल फळांचे झुबके दिसतील. बोनमीलने त्यातलं काहीच होत नाही, उलट त्यातल्या कॅल्शियममुळे मातीचा आम्लपणा कमी होतो. (फळं खाता येतात. चव यथातथाच.)

जंगलातून उपटण्याबद्दल दोनच गोष्टी. कॅनडा आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतून रोप काढणं बेकायदा आहे. आणि काढलंत तरी खोडाचा बराच भाग सडक्या लाकडात मागे राहतो, मुळांशी जोडलेली बुरशी तुटते, हातात येतं ते बहुधा सुकतंच. नर्सरीत कुंडीत वाढवलेलं रोप घ्या आणि मातीचा गोळा न फोडता लावा.

बंचबेरीबद्दल एक मात्र खरं: जागा मानवली तर तिला कापणी लागत नाही, खत लागत नाही, कीडही फारशी छळत नाही. जागा मानवत नसेल तर हट्ट सोडलेला बरा. थोड्या उबदार पण ओलसर सावलीत टिआरेला, म्हणजे फोमफ्लॉवर, किंवा असारम कॅनाडेन्स लावा. असारमच्या खोडाला आल्याचा वास येतो, पण ते खाऊ नका, त्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडं खराब करतं. मेपलखालच्या कोरड्या सावलीत पेनसिल्व्हेनिया सेज ही गवतासारखी दिसणारी वनस्पती लावून बघा. तिला पाहण्याजोगी फुलं नाहीत, पण पहिली एक-दोन वर्षं पाणी दिलंत तर ती तग धरते.