दार उचलून बघितलंय का कधी?

सकाळपासून डोकं फिरलंय. कालपासून पाच जणांनी मला एकच कथा पाठवली, "तुझा विषय आहे, वाच" म्हणून. अणुयुद्धानंतरचं जग, नवरा-बायको आणि एक लहान मुलगी. खाली कमेंटींचा नुसता पूर. सुन्न झालो, निःशब्द, अंगावर काटा. वाचली बाई. तिसऱ्या दिवशी नायक खिडकी उघडतो, पत्र्यावरून गळणारं पावसाचं पाणी पातेल्यात धरतो, "उकळलं की झालं" म्हणत तिघांचा चहा टाकतो आणि चहा पिऊन जीप काढतो. जीप पहिल्या किल्लीला सुरू!

ही कथा वाचत होते तेव्हा समोर पॅसेजमध्ये आमच्या बेडरूमचं दार भिंतीला टेकून उभं होतं. पावसानं फुगून चौकटीत बसेना, म्हणून सुतारमामांनी ते काढलं, कड रंधून दिली आणि प्रायमर मारला. या दमट हवेत तो वाळता वाळत नाहीये. ते दार आणि ती कथा एकाच वेळी डोळ्यांसमोर आली नसती तर कदाचित मी एवढी चिडलेही नसते.

दाराचा संबंध सांगते. १९८० साली ब्रिटिश सरकारनं अणुहल्ल्यातून वाचायचं कसं हे सांगणारी एक पुस्तिका पन्नास पेनीला विकायला काढली होती, 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह'. तिच्यात नागरिकांना सांगितलं होतं की घरातली दारं काढा, आतल्या भिंतीला तिरकी लावा, ती घसरू नयेत म्हणून जमिनीवर लाकडी पट्टी ठोका, वर मातीची नाहीतर वाळूची पोती आणि पुस्तकांची खोकी रचा. पहिले दोन दिवस त्याखाली काढा आणि एकूण चौदा दिवस त्याच खोलीत. दोनच वर्षांनी रेमंड ब्रिग्जनं 'व्हेन द विंड ब्लोज' हे चित्रपुस्तक काढलं. त्यातला जिम, निवृत्त, साधा, सरकारवर विश्वास असलेला माणूस, हे सगळं शब्दशः करतो. बायको हिल्डाला काळजी दाराच्या रंगाची आणि उशांची. हल्ल्याला तीन मिनिटं आहेत असं रेडिओ सांगतो तेव्हा ती वाळत घातलेले कपडे आणायला निघते, आणि नवरा तिला ओढून आत घेतो तर म्हणते, केक करपेल.

आता आमचं दार. साधं फ्लश डोअर, सात बाय तीन फूट, वजन पस्तीसेक किलो. तीन बिजागऱ्या. स्क्रूच्या खाचा ऑइल पेंटच्या तीन थरांखाली बुजलेल्या, त्या मामांनी आधी खिळ्यानं कोरून मोकळ्या केल्या. मग दाराखाली पाचर मारली. खालची बिजागरी आधी, मग मधली, वरची शेवटी. मी वरचीला हात घातला तर ओरडले, "ताई, वरची आधी सोडली ना, तर दार पुढं झुकतं आणि खालचं लाकूड उपटून नेतं." अर्धा तास गेला. माणसं दोन लागली, दुसरी मी. आणि हे दिवसाउजेडी, वीज चालू असताना, सगळी हत्यारं हाताशी असताना.

आता साठ अंशांचा हिशेब करू, कारण जिम साठ अंशांत लावतो. सात फुटी दाराचा पाय भिंतीपासून साडेतीन फुटांवर येतो आणि वरचं टोक सहा फुटांवर. म्हणजे खाली एक चिंचोळा त्रिकोण. दोन म्हाताऱ्या माणसांनी त्यात दोन दिवस काढायचे, तेही बादलीसकट.

आणि दारानं अडतं काय? लाकडानं जवळजवळ काहीच नाही. किरणोत्सारी धुळीतून येणारे गॅमा किरण निम्म्यावर आणायला दाबून बसवलेली माती साधारण नऊ सेंटिमीटर लागते, काँक्रीट सहा. एका दारावर नऊ सेंटिमीटर मातीचा थर म्हणजे अंदाजे अडीचशे किलो माती. एवढं करून किरण फक्त निम्मे! आठव्या हिश्शावर आणायचे तर तिप्पट. साडेसातशे किलो, साठ अंशांच्या उतारावर, पस्तीस किलोच्या दारावर. आणि आमच्यासारख्या तिसऱ्या मजल्यावरच्या माणसानं माती आणायची कुठून, कुंड्यांतून? (तिसरा मजला तसा बरा, वर-खाली मजले असले की. धूळ गच्चीवर आणि जमिनीवर बसते, त्यामुळे सगळ्यात वाईट जागा वरची आणि तळमजला.)

ब्रिग्जनं हा हिशेब पानावर मांडलेला नाही. उशा रचणारा जिम दाखवला, बस्स. हिशेब ठाऊक असलेला वाचक हसतो आणि हसता हसता थांबतो.

बरं, पुस्तिकेतलं सगळंच थोतांड नव्हतं, हे मान्य करते. दोन दिवस आणि चौदा दिवस हे आकडे हवेतून आलेले नाहीत. ढोबळ नियम असा की काळ सातपट झाला की किरणोत्सर्ग दहाव्या हिश्शावर येतो. धूळ दाट पडलेल्या ठिकाणी पहिल्या तासानंतर ताशी १००० रॉन्टजेन (किरणोत्सर्ग मोजायचं जुनं एकक) धरा. सात तासांनी १००, एकोणपन्नास तासांनी १०, दोन आठवड्यांनी १. म्हणून ते दोन दिवस, म्हणून ते चौदा दिवस. पण ताशी १० म्हणजे 'झालं, संपलं' नव्हे. आपला नायक तिसऱ्या दिवशी दिवसभर उघड्या जीपमधून हिंडला तर शंभरेक रॉन्टजेन घेऊन परत येईल. काहींना ओकाऱ्या सुरू व्हायला तेवढे पुरतात.

आणि तो चहा! उकळल्यानं जंतू मरतात. किरणोत्सारी कण म्हणजे जंतू नव्हेत, ते काय मरणार? उलट पाणी आटतं आणि कण आहेत तेवढेच राहतात. पाणी स्थिर ठेवून वरचं हलकेच ओतून घेतलं, मातीच्या जाडसर थरातून गाळलं, तर बरेचसे कण जातात. विरघळलेलं आयोडीन तरीही राहतंच, त्याला निम्मं व्हायला आठ दिवस लागतात. खरं शहाणपण म्हणजे आधीच भरून झाकून ठेवलेलं पाणी. त्या पुस्तिकेत माणशी दिवसाला दोन पिंट (लिटरहून थोडं जास्त) प्यायला, म्हणजे चौदा दिवसांचे सोळा लिटर, आणि धुण्यापुसण्यासाठी आणखी तेवढंच साठवा असं होतं. थंड देशातला हिशेब आहे हा. आपल्याकडच्या मे महिन्यात दोन पिंटांत एक दिवस काढून दाखवा, वर खिचडी शिजवायला पाणी वेगळं.

जिमही पावसाचंच पाणी उकळतो, हे सांगायचं राहिलं. हुबेहूब हीच चूक. फरक असा की जिमला माहीत नाही, पण ब्रिग्जला माहीत आहे. आपल्या कथेत नायकाला माहीत नाही, लेखकालाही माहीत नाही, आणि "निःशब्द" लिहिणाऱ्या दोनशे जणांनाही नाही. माझी चिडचिड आहे ती इथं.

आता थोडं लेखकाच्या बाजूनं बोलते, म्हणजे खडूस म्हणू नका. तिसऱ्या दिवशी नायक ठणठणीत दिसणं शक्य आहे. किरणांची चार ग्रेच्या आसपास (एक ग्रे म्हणजे ढोबळमानानं शंभर रॉन्टजेन) मात्रा बसली तर पहिल्या काही तासांत मळमळ, ओकाऱ्या. मग त्या थांबतात. माणूस उठून बसतो, जेवतो, आठवडा-दोन आठवडे बरा दिसतो. आत मात्र हाडांतला मगज नव्या रक्तपेशी बनवायचा थांबलेला असतो. दोन-तीन आठवड्यांनी केस मुठीनं हातात येतात, हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर डाग उठतात, ताप येतो. उपचार मिळाले नाहीत तर यातले निम्मे दोन महिन्यांच्या आत जातात. ते बरे वाटण्याचे मधले दिवस! घरात सगळ्यांना वाटतंय, सुटलो बुवा. याच्याइतकं भयंकर कथानक कोणाला सुचेल? लेखकाच्या हातात ते आयतं आलं होतं आणि त्यानं जीप काढली.

हिल्डाच्या हिरड्यांतून रक्त येतं तेव्हा जिम म्हणतो, कवळी नीट बसत नसेल. केस गळतात तेव्हा समजूत घालतो की बायकांना टक्कल पडत नसतं. मी हे पान वाचलं की दर वेळी थोडा वेळ गप्प बसते. आपल्या घरांतही असंच बोलतात ना? "पित्त झालं असेल, जिरं खा."

आणि आपल्याला सर्वांत जवळचं वाटेल ते जपानी पुस्तक, मासुजी इबुसेचं, इंग्रजीत 'ब्लॅक रेन' नावानं मिळतं. हिरोशिमाला बरीच वर्षं झालीत, गावात सगळं शांत आहे, आणि शिगेमात्सु नावाच्या गृहस्थापुढं प्रश्न कुठला, तर भाचीचं लग्न. स्थळं येतात आणि मोडतात, कारण कुजबुज आहे की ती स्फोटाच्या दिवशी शहरात होती. ती नव्हती. मग हा माणूस तिची आणि स्वतःची त्या दिवसांची रोजनिशी उतरवून काढायला बसतो, मुलाकडच्यांना पुरावा म्हणून. उतरवता उतरवता कळत जातं की शहरात नसली तरी तो काळा पाऊस तिच्या अंगावर पडला होता. बॉम्बचं पुस्तक आणि सुरुवात स्थळापासून! मराठी माणसाला यात काही समजावून सांगावं लागेल का?

कोणी म्हणेल, थरार हवा असतो लोकांना, सगळेच रोजनिशी वाचत नाहीत. असेल. पण 'थ्रेड्स' बघा, १९८४ सालची बीबीसीची फिल्म, शेफिल्ड शहरातली. थरार म्हणाल तर झोप उडते. तिथंही केम्प कुटुंबाचा बाप शेवटच्या घटकेला दारंच लावत असतो. आणि शहर चालवायला बसलेले अधिकारी टाऊन हॉलच्या तळघरात ढिगाऱ्याखाली अडकून मरतात. चहा पिऊन जीप काढायला कोणी निघत नाही.

२०२५ च्या मे महिन्यात मॉक ड्रिलचे भोंगे वाजले तेव्हा आपण सगळ्यांनी गॅलरीत उभं राहून व्हिडिओ काढले. मीही काढला.

असो, राग उतरला थोडा. लेखक तरुण आहे म्हणे, भाषा चांगली आहे, पुढची कथा बरी लिहील. त्याला कोणी ओळखत असेल तर निरोप द्या. सुतारमामा उद्या सकाळी दार बसवायला येणार आहेत, तोपर्यंत ते पॅसेजमध्येच आहे. उचलून बघायचं असेल तर आज संध्याकाळपर्यंत ये म्हणावं. आणि येताना कोणालातरी सोबत आण, माझी पाठ धरलीये.